‘आम्ही’मधला ह

सुगंधाताई,

तुमच्या दशक्रियेला माझ्या हातात माइक दिला आणि मी तो तसाच पुढच्याला दिला. सगळे बघत राहिले. इतकी वर्षं तालुक्यातल्या शाळांचा कुठलाही कार्यक्रम असो, माइक म्हणजे मेधा बाई, आणि त्याच बाई आज तोंड उघडेनात! तुमच्या दिरांना वाटलं, मला रडू आवरत नाहीये. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी आणून दिलं. रडू येत होतंच, ते काही खोटं नाही. पण मी गप्प बसले त्याचं कारण वेगळं होतं. बोलायला उभी राहिले असते तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता आलं नसतं. मी एकदा तुमच्याशी खोटं बोलले होते. ते तुमच्याआधी त्या मांडवातल्या लोकांना सांगायचं, हे काही माझ्या मनाला पटेना.

तुम्ही होतात तोवर सांगायला मला अकरा वर्षं मिळाली होती. अकरा वर्षांत किती चहा झाले असतील! एकाही चहाला जमलं नाही. आपण दोघी शेवटपर्यंत ‘अहो’वरच राहिलो, ‘अगं’वर आलोच नाही, त्याला माझ्या बाजूनं हेच कारण असावं असं आता वाटतं. अगं म्हटलं की सगळं सांगावं लागतं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागच्या तुमच्या गावात माझी बदली झाली तेव्हा मी फार शहाणी होते. पुण्यात शिकलेली, शुद्धलेखनाच्या नियमांवर पोट भरणारी. तुम्ही त्या शाळेत आधीपासून होतात. माहेर उरणकडचं, वडील मिठागरात, सासर शाळेला लागूनच. पहिल्याच दिवशी तुम्ही मला विचारलंत, “बाई, तुमी मासं खात नाय म्हनजे काय खाता?” आणि मी खरोखरच यादी सांगायला लागले. तुम्ही हसत सुटलात. तेव्हापासून मी तुमच्या तोंडी ‘पुन्याच्या बाई’ झाले, ते निवृत्तीनंतरसुद्धा. थंडीत शेतावर मडक्यात शेंगा-कोंबडी भाजायची पोपटी लावायचात तेव्हा माझ्यासाठी नुसत्या वालाच्या शेंगांचं, कांद्याबटाट्याचं वेगळं मडकं असायचं, आणि त्याला कोणी कोंबडीचा हात लावू नये म्हणून तुम्ही स्वतः पहारा द्यायचात.

आपलं भांडण परिपाठातलं. रोज सकाळी प्रार्थना, प्रतिज्ञा आणि मग संविधानाची उद्देशिका. एका मुलानं पुढे उभं राहून एकेक तुकडा म्हणायचा, बाकीच्यांनी त्याच्यामागून. आपल्या शाळेत निम्मी पोरं गावातली, आणि बाकीची कुठून कुठून आलेली. ट्रकवाल्यांची, इमारतींवर काम करणाऱ्यांची, बिहारची, मराठवाड्याची, पंजाबातली दोन भावंडं. ‘गांभीर्यपूर्वक’ला सगळ्यांचीच गाडी अडायची. पण गावातली पोरं पहिल्याच शब्दाला माझ्या कानाला टोचायची. ती म्हणायची, “आमी, भारताचे लोक.”

दर्शना तिसरीत होती. काय आवाज होता त्या मुलीचा! तिला मी तीन दिवस सगळ्यांसमोर थांबवलं. “आमी नाही बाळा, आम्ही. ह म्हण. आम्-ही.” पहिल्या दिवशी तिनं प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी पोरं हसली. तिसऱ्या दिवशी ती ‘आ’वरच थांबली आणि जागेवर जाऊन उभी राहिली. मी दुसऱ्या मुलीला पुढे बोलावलं आणि कामाला लागले. तुम्ही मात्र त्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही.

“बाई,” तुम्ही म्हणालात, “पंजाबच्या पोरीनी ‘आमही’ बोललं तर तुमी कवतिकानं हसता. आमची दर्शना ‘आमी’ बोलली तर तुमी थांबवता. असं का?”

मी म्हटलं, ती परप्रांतातली आहे, मराठी शिकतेय बिचारी.

“आन दर्शना इथलीच हाय, म्हनून चूक?”

मला राग आला. मी म्हटलं, संविधान आहे ते, काहीतरी मान ठेवायला नको का? शुद्ध बोलायला शिकवणं हेच तर आपलं काम. उद्या ही पोरं कॉलेजात गेली, मुलाखतीला गेली, तर लोक यांना हसतील.

“पाटीवर ह लिवायला शिकवा. लिवायला पायजेच. पन तोंडावर नका मारू,” तुम्ही म्हणालात. “काय लिवलंय त्याच्यात? सगल्यांना सारका दर्जा. न तुमी तर पोरीला पयल्याच शब्दाला भायेर काढलीत.”

मी वर्गावर निघून गेले. मला ते पटलं नव्हतं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की आमच्या शाळेतल्या एक बाई अशुद्ध बोलण्याचं समर्थन करतात. तो म्हणाला, “भाजीत मीठ कमी आहे.” विषय तिथेच संपला.

तुम्ही उद्देशिकेसाठी एवढं भांडता का, ते मला पुढे कळलं. पावसानं शाळा लवकर सोडली होती आणि आपण दोघी हजेरीपटावर बसलो होतो. तुम्ही सहज सांगावं तसं सांगितलंत की तुमचे वडील कचेरीत जायचे तेव्हा चपला दाराबाहेर काढून जायचे. जमिनीच्या कामासाठी, दाखल्यासाठी, कशासाठीही. तुम्ही डी.एड.ला असताना एकदा त्यांच्याबरोबर गेलात. म्हणालात, बाबा, चपला घाला, हे काय देऊळ नाय. ते म्हणाले, साहेब रागावतील. तेव्हा तुम्ही त्यांना तिथेच, कचेरीच्या पायरीवर बसवून, पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरची उद्देशिका वाचून दाखवलीत.

“तवा पन ती होतीच की, बाई. मी जन्मले त्याच्या आदीपासून होती. पन त्यांना कोनी वाचूनच दाखवली नाय.”

“मग चपला घातल्या का त्यांनी?”

“नाय. पन हातात घेऊन आत गेले. भायेर नाय ठेवल्या.”

आपण दोघी खूप हसलो होतो त्यावर. तुम्ही डोळे पुसलेत, ते हसण्यानं की कशानं, मी विचारलं नाही.

आणि शाळा व्यवस्थापन समितीची ती बैठक. वर्ग दोन, पोरं वर्गात मावेनात, गावातली काही व्हरांड्यात बसायला लागलेली. समितीवर तुमचे दीरच अध्यक्ष. ते म्हणाले, “आमच्या जागेवर शाला बांधली, न आमचीच पोरां भायेर बसतान. यंदा भायेरच्यांची नावं घालू नका. आमी तेवढंच बोलतो.” त्यांचंही चूक नव्हतं. जमीन गेली, शेतं गेली, मिठागरं गेली, आता शाळेतली जागाही जाणार असं त्यांना वाटत होतं. मुख्याध्यापक खाली मान घालून बसले. मी नियम सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही पदर खोचलात.

“भाऊजी, घरातलं ‘आमी’ येगलं न शालेतलं ‘आमी’ येगलं. घरात आमी म्हनजे तुमी, मी, जाऊबाई. शालेत आमी म्हनजे दाखल्यावर नाव हाय तो परत्येक. सकाली पोरां तेच म्हनतान. तुमी मानत नसाल तर उद्यापासून पोरांना सांगते, ते वाक्य सोडा.”

दीर उठून गेले. आठवडाभर तुमच्याशी बोलले नाहीत, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच कुठून तरी पत्रे मिळवले आणि व्हरांडा बंद करून तिसरा वर्ग उभा केला. पंजाबच्या भावंडांचा बाप त्यासाठी आपल्या ट्रकमधून लोखंडी खांब घेऊन आला. देश एकत्र कसा राहतो यावर मी निबंध स्पर्धांना बरीच भाषणं केली आहेत. त्या तिसऱ्या वर्गाइतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे दुसरं नाही, आणि ते मी कधी भाषणात सांगितलं नाही.

हे सगळं डोळ्यांनी बघूनही मी जे केलं ते केलं.

संविधान दिनाला आसपासच्या सगळ्या शाळांचा एकत्र कार्यक्रम ठरला. पनवेलमधलं सभागृह, मोठे अधिकारी येणार, सूत्रसंचालन माझ्याकडे. व्यासपीठावरून उद्देशिका कोणी सांगायची यावर बैठकीत कोणीतरी म्हणालं, सुगंधा बाई, आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत जातो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कागदावर तुमचं नाव लिहिलं. तुम्ही लाजून “मी कशाला” म्हणालात, पण मला ठाऊक आहे, तुम्ही घरी जाऊन साडी काढून ठेवलीत. तुमच्या लेकीनं, रूपालीनंच मला सांगितलं होतं.

आदल्या दिवशी शाळेत कार्यक्रमपत्रिकेचा पक्का मसुदा करायला बसले आणि माझ्या डोळ्यांपुढे ते सभागृह आलं. पुढच्या रांगेत साहेब लोक. माइकवर तुम्ही. आणि पहिला शब्द. मी पेन घेतलं आणि तुमच्या नावावर रेघ मारली. वर दुसऱ्या शाळेतल्या एका बाईंचं नाव लिहिलं, ज्यांचे उच्चार चांगले होते. तुम्हाला सांगितलं, “वरून नाव आलं हो. साहेबांनीच ठरवलं, माझ्या हातात काही नव्हतं.” तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “असू द्या. पोरांना न्यायला कोनतरी पायजेच.”

कार्यक्रमात त्या बाईंनी सुरेख म्हटलं. एकही ह सुटला नाही. पण त्यांच्यामागून म्हणायला कोणी तयारच होईना. पुढच्या रांगेतले नुसते उभे, मधले ओठ हलवत होते. मागून तेवढा आवाज आला. तुम्ही आणि आपल्या शाळेची चाळीसेक पोरं. “आमी, भारताचे लोक.” सगळं सभागृह मागे वळून बघायला लागलं, आणि मग काय झालं कोण जाणे, मधल्या रांगांतही आवाज चढला. शेवटच्या ओळीपर्यंत सगळे मोठ्यानं म्हणत होते. मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते. लाज वाटली, सुगंधाताई. तुमची वाटेल म्हणून मी एवढं केलं होतं, आणि वाटली ती माझी.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी दर्शनाला पुढे बोलावलं. ती येईना. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, तुला येतं तसं म्हण. तिनं म्हटलं. मी थांबवलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे कधीच नाही. तुम्ही रांगेच्या टोकाला उभ्या होतात. मला वाटलं, चला, फिटलं. कुठे फिटतं असं!

मग निवृत्ती. तुमची आधी, माझी नंतर. मी नवीन पनवेलहून रिक्षा करून तुमच्याकडे यायची आणि आपण ओट्यावर बसून जुनी भांडणं पुन्हा करायचो. शेवटचं भांडण मीच काढलं. तुमचं दुखणं तेव्हा बळावलं होतं, पण जीभ शाबूत होती. मी म्हटलं, उद्देशिकेत ‘आम्ही’ऐवजी ‘आपण’ हवं होतं. इंग्रजीत ही सोय नाही, हिंदीतही नाही, मराठीत आहे. ‘आम्ही बाजारात चाललो’ म्हटलं की ऐकणारा घरी राहतो. ‘आपण बाजारात चाललो’ म्हटलं की तोही बरोबर येतो. मग देशाच्या पहिल्या वाक्यात ऐकणाऱ्याला घरी का ठेवायचं?

मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. मी तुमच्या बाजूनं बोलत होते.

“नको,” तुम्ही म्हणालात. “तुमच्या सोसायटीच्या मीटिंगला काय बोलतात? आपन पान्याचं बघू. मंग कोन बघतो?”

“कोणीच नाही.”

“बगा. ‘आपन करू’ म्हनजे कोनीच नाय. ‘आमी करतो’ बोलला, तो अडकला. त्याला मंग करावं लागतं. आमीच बरोबर हाय.”

“आणि ऐकणारा? तो बाहेरच की.”

तुम्ही मागे भिंतीला टेकलात. दम लागत होता. मग म्हणालात, “म्हनून तर ते येकट्यानं वाचायचं नसतं. सगल्यांनी येका टायमाला म्हनायचं असतं. जो म्हनतो तो आत. नुसता ऐकतो तो भायेर. म्हनून बाई, कोनाला नुसतं ऐकत ठेवायचं नाय.”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. इतकी चांगली वेळ पुन्हा यायची नव्हती. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात रूपाली औषध घेऊन आली, तुम्ही तोंड वाकडं केलंत, मी “घ्या मुकाट्यानं” म्हटलं आणि विषय गोळीवर गेला. पुढच्या शुक्रवारी यायचं ठरलं होतं. तुम्ही बुधवारी गेलात.

भांडणात तुमचं बरोबर होतं असं मी अजून कबूल केलेलं नाही. ‘आपण’ मला अजूनही आवडतं. पण देश कशानं एकत्र राहतो असं आता मला कोणी विचारलं, तर मी कलमं सांगणार नाही. मी सांगेन, एक वाक्य आहे, ते मोठ्यानं म्हणायचा हक्क कोणाचाही काढून घ्यायचा नाही, एवढं पाळलं की बाकीचं बरंचसं जमतं. हे मी तुमच्याकडून शिकले, आणि ज्या माणसाकडून शिकले त्याचाच हक्क काढून घेऊन शिकले.

दशक्रियेच्या दिवशी भाषणं संपली, लोक पांगले, घरची आणि जवळची माणसं तुमच्या आवडीच्या माशांच्या जेवणाला राहिली. मी निघणार होते. रूपालीनं मला आतल्या खोलीत नेलं. तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता. तुम्ही शाळेतले एका बाजूला लिहिलेले-छापलेले, एका बाजूला कोरे कागद जपून ठेवायचात, पोरांना अक्षरं गिरवायला. त्यातला एक तिनं काढून माझ्यापुढे धरला. पाठीमागे कोणा पोराचं वेडंवाकडं ‘अ आ इ ई’. पुढच्या बाजूला माझ्या अक्षरात कार्यक्रमपत्रिका, तुमचं नाव, त्यावर रेघ.

“आईला तेव्हाच मिळाला होता हा, मॅडम,” रूपाली म्हणाली. “प्रोग्रामच्या आधीच. तिनं साडी परत कपाटात ठेवली तेव्हा मी विचारलं, साहेबांना का नाही बोलत? तर म्हणाली, साहेबांनी नाही खोडलं, अक्षर बाईंचं आहे. मला इतका राग आला होता तुमचा.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी प्रोग्रामवरून आली, तिसऱ्या दिवशी शाळेतून आली आणि म्हणाली, बाईंनी दर्शनाला पुढे उभी केली. आता कोणी काही बोलायचं नाही.”

मी तो कागद उलटसुलट करून बघितला. म्हणजे तुम्ही “असू द्या” म्हणालात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. सगळे चहा, सगळ्या पोपट्या, वेगळं मडकं, आणि त्या दिवशीचं “कोनाला नुसतं ऐकत ठेवायचं नाय”, सगळं ठाऊक असताना. तुम्ही माझी वाट बघत होतात की मला सोडून दिलं होतंत, हे आता मला कोण सांगणार? थोडा रागसुद्धा आला तुमचा. एकदा म्हणायचंत ना, बाई, मला कळलंय. मी रडले असते, मोकळी झाले असते, आपण ‘अगं’वर आलो असतो.

पण तुम्हाला आधीच ठाऊक होतं म्हटल्यावर माझी अडचणही उरली नाही. मी बाहेर आले. ओटीवर पंगत बसत होती. तुमचे दीर, जाऊबाई, पुतणे, शाळेतल्या दोन बाई. मी उभ्या उभ्याच बोलले. म्हटलं, “मला एक सांगायचंय. संविधान दिनाला सुगंधाताईंचं नाव साहेबांनी काढलं नव्हतं. मी खोडलं होतं. त्यांच्या बोलण्याची मला लाज वाटली होती. आणि त्यांच्याशी मी खोटं बोलले.” आवाज फाटला माझा. कोणाच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तसाच राहिला.

मग तुमच्या दिरांनी आपल्या शेजारचा पाट हातानं सरळ केला.

“आमाला सगल्यांना कवाचंच ठावं हाय, बाई,” ते म्हणाले. “वयनीनं सांगितलेलं. बसा. तुमचं बिनमाशाचं पान येगलं वाडलंय.”